क्षमेच्या व्यवहारात उरीया कुठे आहे?

पश्चात्तापाची प्रार्थना म्हणून जगभर म्हटल्या जाणाऱ्या एक्कावन्नाव्या स्तोत्रातली एक ओळ मला कायम खटकत आली आहे. दावीद राजा देवाला म्हणतो, मी तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याविरुद्ध पाप केलं आहे. स्तोत्राच्या शीर्षकातच प्रसंग दिलेला आहे. बथशेबाचं प्रकरण झाल्यावर नाथान संदेष्टा राजाकडे आला, तेव्हाचं हे स्तोत्र. तोवर काय काय घडून गेलं होतं? राजाने आपल्याच सैनिकाच्या बायकोला राजवाड्यात आणवलं. तिला दिवस गेले तेव्हा त्या सैनिकाला, उरीया हित्तीला, जिथे लढाई सगळ्यात भयंकर आहे तिथे उभं करावं आणि बाकीच्यांनी मागे हटावं, असा हुकूम सेनापतीला धाडला. हुकमाचं पत्र पोचवलं ते खुद्द उरीयाने. आणि आता राजा म्हणतो, केवळ तुझ्याविरुद्ध.

भाष्यकारांनी या ओळीचा बचाव पुष्कळ केला आहे. प्रत्येक पाप शेवटी देवाविरुद्धच असतं, राजाला जाब विचारणारं पृथ्वीवर दुसरं कोणी नव्हतं, वगैरे. असेल तसं. पण उरीया मेला तो मेलाच, आणि त्याच्या मारेकऱ्याने रचलेल्या क्षमायाचनेत त्याला एक शब्दही मिळाला नाही.

पापक्षमेची ख्रिस्ती शिकवण ही माणसाला सुचलेल्या फार मोठ्या कल्पनांपैकी एक आहे असं मी मानतो. माझी तक्रार तिच्या उदारपणाबद्दल नाही. तक्रार ही, की शतकानुशतकं ती दोनच पात्रांत मांडली गेली: पापी आणि देव. ज्याचं नुकसान झालं तो तिसरा माणूस या गोष्टीत येतच नाही. ही निव्वळ पंडितांच्या वादातली उणीव असती तर तिच्यावर लेख लिहिण्याचं कारण नव्हतं. पण गुलामगिरीपासून मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांपर्यंत चर्चसंस्था जिथे जिथे चुकल्या, तिथे त्यांना या दोन-पात्री मांडणीचा आडोसा मिळाला. आणि खेदाची गोष्ट म्हणजे बायबलमध्ये तिसरा माणूस आहे. त्याला बाहेर काढलं ते नंतरच्यांनी.

आधी शब्दाचं बघू. मराठी बायबलने 'प्रायश्चित्त' हा शब्द उचलला. आपल्या भाषेत प्रायश्चित्त ज्याने पाप केलं त्याने घ्यायचं असतं. दुसऱ्याने घेतलेलं प्रायश्चित्त म्हणजे दुसऱ्याने घेतलेलं औषध. ख्रिस्ती शिकवण नेमकी इथेच उलटी जाते. ती म्हणते, प्रायश्चित्त देवाने केलं, वधस्तंभावर, आणि ज्यांनी पाप केलं त्यांच्यासाठी केलं. शब्द तोच, कर्ता बदललेला. मराठी वाचक या शिकवणीपाशी पहिल्यांदा अडखळतो तो बहुधा इथे, आणि त्याचं अडखळणं रास्त आहे. विल्यम टिंडेलने सोळाव्या शतकात आपल्या बायबल भाषांतरातून रूढ केलेला 'अटोन्मेंट' हा इंग्रजी शब्द मात्र 'एक होणं' या अर्थातून घडला आहे. त्यात दंड नाही, विधी नाही. दुरावलेले दोघे पुन्हा एक झाले, एवढंच.

हे एक होणं घडतं कसं, याचं एकच अधिकृत उत्तर ख्रिस्ती धर्मात नाही, हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. निकेयाचा मतांगीकार, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेचं जुनं जाहीर निवेदन, म्हणतो की ख्रिस्त आमच्यासाठी वधस्तंभावर खिळला गेला. 'आमच्यासाठी' म्हणजे नक्की कसं, यावर गप्प. सर्व चर्चच्या एकाही जुन्या महापरिषदेने ते ठरवून दिलं नाही. त्यामुळे उत्तरं अनेक झाली. ख्रिस्ताने आपला जीव खंडणी म्हणून दिला असं मार्काच्या शुभवर्तमानात आहे. मग खंडणी कोणाला? सैतानाला, असं काही जुन्या आचार्यांनी सांगितलं. निस्साच्या ग्रेगरीने तर गळ आणि आमिषाचा दाखला दिला: सैतानाने मानवी देहाचं आमिष गिळलं आणि आतल्या देवत्वाच्या गळाला लागला. त्याचाच मित्र नाझियान्झसचा ग्रेगरी यावर वैतागला. चोराला खंडणी देणं हा अपमान, आणि पित्याला म्हणावं तर ज्याने अब्राहामाने वाहायला नेलेल्या मुलाचा, इसहाकाचा, बळी घेतला नाही तो स्वतःच्या पुत्राचं रक्त कशाला मागेल? हा प्रश्न चौथ्या शतकातला आहे. आज कोणी नास्तिक तोच प्रश्न विचारतो तेव्हा आपण काही नवं विचारतोय असं त्याला वाटत असतं.

१०९८च्या सुमारास कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्मने सैतानाला या हिशोबातून काढूनच टाकलं. पाप म्हणजे देवाचं देणं बुडवणं. ते एकतर भरून द्यायला हवं, नाहीतर शिक्षा भोगायला हवी. माणूस भरू शकत नाही, म्हणून देव माणूस होऊन भरतो. अँसेल्मवर सरंजामी मानापमानाचा आरोप नेहमी होतो, पण त्याचं एक वाक्य मला विसरता येत नाही. त्याच्या संवादरूप ग्रंथातला शिष्य बोसो सहज म्हणतो की एका पश्चात्तापाच्या क्षणाने मी माझं पाप पुसून टाकीन, तेव्हा गुरू उत्तरतो: पापाचं वजन किती असतं याचा तू अजून विचारच केलेला नाहीस. पुढे सोळाव्या शतकात कॅल्व्हिन आणि इतर प्रोटेस्टंट सुधारकांच्या हाती एक बदल झाला, जो लहान दिसतो पण लहान नाही. अँसेल्मकडे भरपाई हा शिक्षेला पर्याय होता. सुधारकांकडे शिक्षा भोगणं हीच भरपाई झाली; ख्रिस्ताने आपल्या जागी शिक्षा घेतली. बाराव्या शतकात फ्रेंच धर्मपंडित आबेलारने या सगळ्या दिशेलाच हरकत घेतली होती: निरपराधाचं रक्त किंमत म्हणून मागणं हे किती क्रूर! त्याच्या मते वधस्तंभ माणसाच्या मनात प्रेम पेटवतो, तेच तारण.

यातलं कोणतं बरोबर यावर मी हट्ट धरणार नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. सैतान असो, मान असो, शिक्षा असो वा प्रेम, प्रत्येक उत्तरात लुटलेला माणूस गैरहजर आहे.

येशूच्या स्वतःच्या दाखल्यांत मात्र हिशोब जमिनीवरचा असतो. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात एक राजा आपल्या दासाचं दहा हजार तालांतांचं कर्ज सोडतो. एक तालांत म्हणजे सहा हजार दिनार, आणि एक दिनार ही मजुराची दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. रक्कम मुद्दाम हास्यास्पद केली आहे. हे कर्ज सोडलं तेव्हा ते हवेत विरलं का? नाही. राजाच्या तिजोरीत तेवढा खड्डा पडला. ज्याला क्षमा म्हणतात तिची किंमत क्षमा करणारा मोजतो, हे या गोष्टीत जितकं साफ दिसतं तितकं ते ग्रंथांतून दिसत नाही. माझ्या मते वधस्तंभाचा सगळ्यात समजण्याजोगा अर्थ हाच: देवाने नुकसान स्वतःच्या अंगावर घेतलं. मराठीतल्या प्रभूच्या प्रार्थनेतही पाप हा शब्द नाही, 'आमची ऋणे आम्हांस सोड' असंच आहे.

पण ऋणाची ही उपमा धरली की तिच्याबरोबर एक नियमही येतो. कर्ज सोडण्याचा हक्क सावकाराचा. शेजाऱ्याने तुमचं माझ्याकडचं येणं परस्पर माफ करून टाकलं, तर त्याला उदारपणा म्हणत नाहीत.

यहुदी परंपरेने हा नियम स्पष्ट लिहून ठेवला आहे. मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या जुन्या संग्रहातल्या योमा या भागात म्हटलं आहे की माणूस आणि देव यांच्यामधल्या अपराधांचं प्रायश्चित्त प्रायश्चित्ताच्या दिवशी होतं. माणूस आणि माणूस यांच्यामधल्या अपराधांचं, त्या माणसाची समजूत काढल्याशिवाय होत नाही. येशू याच परंपरेत वाढला. लेवीयच्या नियमशास्त्रात फसवणूक करणाऱ्याने आधी मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा मालकाला द्यायचा, मग दोषार्पण. निर्गमात मेंढरू चोरून कापणाऱ्याला एकाची चार भरावी लागतात. आणि नाथान दावीदापुढे आला तेव्हा त्याने सांगितली ती गोष्टही मेंढराचीच होती: श्रीमंताने गरिबाची एकुलती एक मेंढी हिसकावली. दावीद संतापून ओरडला, त्याने चौपट भरून द्यावं! कायदा त्याला तोंडपाठ होता. चौपट हा आकडा पुन्हा येतो तो लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात. जक्कय हा मुख्य जकातदार म्हणतो, मी कोणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो. त्यावर येशू म्हणतो, आज या घराला तारण प्राप्त झालं आहे.

इथला क्रम बघण्यासारखा आहे. येशू जक्कयच्या घरी जातो तो आधी, चौपटीची घोषणा त्यानंतर. म्हणजे भरपाई ही कृपेची किंमत नाही. पण भरपाईचा शब्द निघेपर्यंत तारणाचा उच्चारही नाही.

हा धागा पुढे अगदीच तुटला असं नाही. ज्याने घेतलेलं परत केलं नाही त्याचं पाप सुटत नाही, असं ऑगस्टिनने एका पत्रात लिहिलं. थॉमस अक्वायनसने परतफेड तारणासाठी आवश्यक ठरवली. पण वाक्य ग्रंथात असणं वेगळं आणि कोणाच्या तरी तोंडावर उच्चारलं जाणं वेगळं. ते उच्चारणारा एक माणूस इतिहासात आहे, आणि त्याच्यापाशी थोडं थांबायला हवं.

बार्तोलोमे द लास कासास १५०२ साली स्पेनहून कॅरिबियनमधल्या हिस्पानिओला बेटावर आला. तिथे आणि पुढे क्युबात त्याला वेठीला बांधलेले मूलनिवासी मिळाले. त्यांच्या कष्टांवर तो जगला, मधल्या काळात धर्मगुरूही झाला. याच काळात एका डॉमिनिकन साधूने त्याचं पापनिवेदन, म्हणजे धर्मगुरूपुढे पापं सांगून क्षमा मागणं, ऐकायला नकार दिला. कारण सरळ होतं: तू माणसं बाळगतोस. लास कासासने वाद घातला आणि तसाच पुढे चालला. मग १५१४ साली प्रवचनाची तयारी करताना बेनसिराच्या ग्रंथातला, म्हणजे कॅथलिक बायबलमधल्या एका पुस्तकातला, उतारा त्याच्या समोर आला, अन्यायाने मिळवलेल्या धनातून केलेलं अर्पण देवाला मान्य नसतं. त्याने आपल्याकडची माणसं सोडली आणि त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला व्यासपीठावरून जाहीर केलं की बाकीच्यांनीही सोडावीत. ऐकणारे थक्क झाले. कोणी सोडली नाहीत.

तीस वर्षांनी तो दक्षिण मेक्सिकोतल्या चियापाचा बिशप होऊन आला तेव्हा त्याच्या हातात अधिकार होता. १५४५च्या उपवासकाळात त्याने गुलाम बाळगणाऱ्यांना पापमुक्ती देण्यास मनाई केली. ईस्टर तोंडावर आलेला, आणि शहरातले मातब्बर पापमुक्तीविना. दंगल व्हायची वेळ आली. पुढे त्याने पापनिवेदन ऐकणाऱ्यांसाठी बारा नियम लिहिले. मुलूख जिंकून घेतलेल्या, मरणशय्येवरच्या स्पॅनिश माणसानेसुद्धा पापनिवेदनाआधी नोटरीसमोर दस्तऐवज करून आपली मालमत्ता परतफेडीसाठी धर्मगुरूच्या हवाली करावी, गुलामांना तत्काळ मोकळं करावं, आणि लुटलेल्यांचं त्यांना किंवा त्यांच्या वारसांना जावं. तोवर 'तुझ्या पापांची क्षमा झाली' हे शब्द नाहीत. राजदरबाराने १५४८ साली या नियमांच्या प्रती गोळा करण्याचा हुकूम सोडला. साहजिक होतं. ज्या साम्राज्याची सगळी मालमत्ताच परत करण्याजोगी, त्याला असा ग्रंथ परवडत नाही. तरी १५५२ साली लास कासासने तो सेव्हिलमध्ये छापून घेतला.

त्याच शतकात दुसऱ्या बाजूला जर्मन सुधारक मार्टिन लूथर उभा होता. १५१७ साली त्याने पापदंडातून सुटका देणाऱ्या पत्रांच्या विक्रीला विरोध केला तो शंभर टक्के योग्यच होता. क्षमा ही नाण्यांवर विकत मिळत नाही. पण त्या विक्रीतली एक विकृती कमी बोलली जाते. पैसे जात होते रोमला, संत पेत्राचं मंदिर बांधायला. ज्याला लुबाडलं त्याच्या घरी एक नाणं जात नव्हतं. लूथरने व्यवहार मोडला. पण देणेकऱ्याने आता वळायचं कुणाकडे, हे त्याच्या अनुयायांच्या प्रवचनांत हळूहळू धूसर होत गेलं. ख्रिस्ताने सगळं भरलं आहे, मग मी कोणाचं काय भरायचं? कॅथलिक बाजूलाही फार वेगळं घडलं नाही. ट्रेंटच्या परिषदेने १५५१ साली पश्चात्ताप, निवेदन आणि भरपाई हे तिन्ही भाग कायम ठेवले, पण सामान्य माणसाच्या अनुभवात भरपाई म्हणजे ठरावीक प्रार्थना इतकीच उरली. त्याही देवालाच.

याचं फळ काय झालं ते एका आकड्यात दिसतं. ब्रिटिश संसदेने १८३३ साली गुलामगिरी रद्द करताना दोन कोटी पौंड भरपाई मंजूर केली. भरपाई मिळाली मालकांना. त्या मालकांत शुभवर्तमानाच्या प्रसारासाठी स्थापन झालेली इंग्लंडच्या चर्चची एक संस्था होती. बार्बाडोसमधल्या कॉड्रिंग्टन मळ्यावरच्या ४११ गुलामांपोटी तिने ८,८२३ पौंड, ८ शिलिंग, ९ पेन्स घेतले. शिलिंग आणि पेन्ससुद्धा मोजून. मळ्यावर रविवारी पापक्षमेची शिकवण दिली जात नव्हती असं नाही. २००६ साली इंग्लंडच्या चर्चच्या सभेने गुलामगिरीतल्या आपल्या सहभागाबद्दल माफी मागितली, आणि २०२३ साली दहा कोटी पौंडांचा निधी जाहीर झाला. त्यावर आतूनच ओरड झाली की हा पैसा स्थानिक चर्चांसाठी आहे, जुन्या पापांसाठी नाही. मला वाटतं, हा निधी हे त्या संस्थेने केलेलं फार दिवसांतलं सगळ्यात बायबलनिष्ठ काम आहे. आणि माफी व निधी यांच्यामध्ये सतरा वर्षं गेली, हेही लिहून ठेवायला हवं.

आता सगळ्यात अवघड प्रकरण. फ्रान्समधल्या स्वतंत्र आयोगाने २०२१ साली अंदाज मांडला की १९५० पासून सुमारे २,१६,००० मुलामुलींवर धर्मगुरू आणि धर्मसंघीयांनी लैंगिक अत्याचार केले. ऑस्ट्रेलियाच्या शाही आयोगाने २०१७ साली शिफारस केली की अशा गुन्ह्याची माहिती पापनिवेदनात मिळाली तरी ती कळवण्याच्या कायद्यातून धर्मगुरूला सूट नसावी. यावरून जो वाद पेटला तो पापनिवेदनाच्या गुप्ततेचा. मला तो वाद चुकीच्या जागी घातलेला वाटतो. गुप्तता मोडली तर अपराधी येणार नाही, एवढंच होईल. खरा प्रश्न आहे तो पुढचा: आल्यावर त्याला क्षमा कोणत्या अटीवर?

पापक्षमेचे प्रश्न हाताळणाऱ्या व्हॅटिकनच्या अपोस्टॉलिक पेनिटेन्शियरी या न्यायपीठाने २०१९च्या टिपणात याचं उत्तर दिलं आहे. स्वतःहून पोलिसांपुढे हजर होण्याची अट पापमुक्तीसाठी कधीही घालता येणार नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावर नसते हे तत्त्व इथेही लागू. खरा पश्चात्ताप आणि सुधारण्याचा निश्चय मात्र हवा. टिपणाची बाजू अगदीच पोकळ नाही. निवेदन करणारा स्वतः पीडित असेल तर त्याला त्याचे हक्क समजावून सांगावेत, असंही त्यात आहे. तरी पण स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क हा आरोपीला राज्यसत्तेपुढे मिळालेला हक्क आहे. देवापुढे गुडघे टेकलेल्या माणसाने तो वापरायचा म्हणजे काय? तो तर स्वतःविरुद्ध साक्ष द्यायलाच तिथे आलेला असतो. शिवाय पैसे चोरणाऱ्याला त्याच चर्चची शिकवण परतफेड केल्याशिवाय सोडत नाही. मुलाचं बालपण मोडणाऱ्याला मात्र आतल्या पश्चात्तापावर भागतं. लास कासासच्या नियमांत तरी हे बसलं नसतं. गुप्तता ठेवा, पण क्षमेचे शब्द थांबवा: आधी उघड हो, मग ये.

यावरचा आक्षेप मला माहीत आहे आणि तो हलका नाही. येशूच्या शेजारी खिळलेल्या चोराने काय परत केलं होतं? काहीच नाही, आणि त्याच दिवशी त्याला सुखलोकाचं वचन मिळालं. कृपेला अट घातली की ती कृपा राहत नाही, मजुरी होते. खरं आहे. पण त्या चोराचे हात खिळलेले होते. जक्कयचे मोकळे होते. ज्याला परत करणं शक्य नाही त्याच्यासाठी असलेलं आश्वासन, ज्याला शक्य आहे पण गैरसोयीचं आहे त्याने वापरू नये, एवढंच माझं म्हणणं. दुसरा आक्षेप जास्त खोल आहे: वधस्तंभावर ख्रिस्त स्वतःच पीडित होता, भुकेल्याला आणि बंदिवानाला जे केलं ते मलाच केलं असं तोच म्हणाला, तेव्हा पीडितांच्या वतीने क्षमा करण्याचा हक्क त्याला आहे. हा युक्तिवाद मला पटतो. फक्त त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. ख्रिस्त जर त्या मुलात असेल, तर मुलाला वळसा घालून ख्रिस्ताकडे जायला रस्ताच नाही. आणि त्या मुलाने क्षमा केलीच पाहिजे, असं त्याला सांगण्याचा अधिकार तर कोणाच बिशपला नाही. क्षमेची किंमत क्षमा करणारा मोजतो म्हटल्यावर, ती कधी मोजायची, मोजायची की नाही, हे त्याने ठरवायचं.

उरतो तो परत करता न येणारा अपराध. उरीया मेलेला असतो. यासाठीही मला लास कासासकडेच जावं लागतं. मूलनिवाशांना वाचवण्याच्या तळमळीत त्याने तरुणपणी सुचवलं होतं की त्यांच्याऐवजी आफ्रिकेतून गुलाम आणावेत. पुढे त्या लोकांना कसं पकडून आणतात हे त्याला कळलं, तेव्हा त्यांची गुलामीही तितकीच अन्यायाची आहे हे त्याने आपल्या इतिहासग्रंथात लिहिलं. तोवर जहाजं येऊ लागली होती. परत करण्यासारखं त्याच्या हाती काही नव्हतं, आणि ज्यांचं देणं होतं ते समुद्रात किंवा उसाच्या मळ्यात मेले होते. स्वतःबद्दल तृतीय पुरुषात लिहिताना त्याने एवढंच नोंदवलं की आपलं अज्ञान आणि चांगला हेतू देवाच्या न्यायापुढे आपल्याला निर्दोष ठरवतील याची त्याला खात्री नव्हती.